साहेब विचारतात, ‘त्याला नेमकं झालंय काय?’

नमस्कार मॅडम,

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी चार वर्षं एचआरला आहे. कंपनीच्या रोलवर 210 आणि कंत्राटी धरून साडेतीनशे माणसं. एचआरमध्ये मी आणि हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसचा एक मुलगा, एवढेच. तीन आठवड्यांपूर्वी क्वालिटीतला एक इंजिनिअर, वय 29, रजेचा अर्ज घेऊन माझ्यासमोर बसला आणि रडायलाच लागला. चार महिने नीट झोप नाही, लाईनवर गेलं की छातीत धडधडतं, आणि शेवटी म्हणाला, “मॅडम, कधीकधी वाटतं सकाळी उठूच नये.” मी घाबरले. पाणी दिलं, “टेन्शन घेऊ नका, होईल सगळं ठीक” म्हटलं आणि दहा दिवसांची रजा मंजूर करून टाकली. आता तो कामावर परत आलाय. माझ्या नजरेला नजर देत नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.

प्लांट हेड साहेब रोज विचारतात, “त्याला नेमकं झालंय काय? डोक्याचं काही असेल तर आत्ताच सांगा, कस्टमर ऑडिट तोंडावर आलंय.” साहेब वाईट नाहीत. ‘मेंटल हेल्थसाठी काहीतरी करा’ म्हणून त्यांनीच पन्नास हजार मंजूर केले होते. त्यातले वीस हजार योगाच्या एका सत्रावर आणि एका व्याख्यानावर गेले. व्याख्यानाला ए शिफ्टच्या पोरांना ड्युटी संपल्यावर थांबवून बसवलं, निम्मी मागे झोपली होती. कंत्राटी कामगारांना बोलावलंच नव्हतं.

मी एमबीए केलंय, मानसशास्त्र शिकलेले नाही. रात्री ते एकच वाक्य डोक्यात फिरतं. त्याला काय बोलू? साहेबांना काय सांगू? आणि कंपनी म्हणून आम्ही नेमकं काय करायचं?

— एक एचआर, चाकण

---

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं होतं. अर्धं पान झाल्यावर थांबले. कंपनीचं धोरण पुढच्या महिन्यात ठरलं तरी चालेल, त्या मुलाशी बोलणं मात्र उद्यावर टाकू नका. हे वाचून झालं की पहिलं काम तेच.

‘सकाळी उठूच नये’ असं नुसता थकलेला माणूसही म्हणतो आणि जीव द्यायचा विचार करणाराही म्हणतो. बाहेरून दोघांतला फरक कळत नाही, विचारावंच लागतं. आणि ते आडून आडून विचारू नका. “त्या दिवशी तुम्ही म्हणालात की सकाळी उठूच नये असं वाटतं. तेव्हा जीव द्यावा असं मनात आलं होतं का? आता तसं वाटतं का?” असं सरळ, हळू आवाजात विचारा. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल ही भीती बहुतेकांना असते. मलाही होती. तसं होत नाही. उलट कुणीतरी ते शब्द उच्चारले म्हणून माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी पाहिलेलं आहे.

तो “हो” म्हणाला, किंवा कसं आणि कधी याचाही विचार केलाय असं बोलण्यात आलं, तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही. घरी फोन करायचा. शक्यतो त्याला विचारून, त्याच्यासमोर, त्यानेच सांगितलेल्या माणसाला. मग त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे, तुमच्या इन्शुरन्सच्या यादीतलं खासगी रुग्णालयही चालेल. कंपनीची गाडी द्या, सोबत माणूस द्या. त्याला बाइकवर एकट्याला पाठवू नका.

तो “नाही, तसं नाही, फार दमलोय” म्हणाला तरी डॉक्टरांकडे जायला सांगाच. चार महिन्यांची गेलेली झोप आणि लाईनवर गेलं की होणारी धडधड यावर उपचार असतात, आणि ते लवकर सुरू झाले तर बरं. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर 14416. 10 ऑक्टोबर 2022 पासून देशभर सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर त्याला चिठ्ठीवर लिहून द्या. नोटीस बोर्डावर लावलेला नंबर सगळ्यांसमोर उभं राहून कुणी मोबाइलमध्ये उतरवून घेत नाही. तो बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, लॉकरच्या आत लावा, पगाराच्या स्लिपवर छापा.

“होईल सगळं ठीक” म्हणालात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. घाबरल्यावर तोंडातून तेच येतं. पण आता भेटलात की तिथूनच सुरुवात करा. “त्या दिवशी मला काय बोलावं सुचलं नाही. पण तुम्ही जे सांगितलंत ते मी विसरलेले नाही.” त्याने सांगून टाकलं आणि आता त्याला लाज वाटतेय, म्हणून तो तुमच्या नजरेला नजर देत नाही. ती कोंडी तुम्हीच फोडायला हवी, त्याच्या हातून ती फुटणार नाही.

आता साहेबांचं.

साहेबांना माहिती हवी आहे, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. प्रश्न एवढाच की कोणती माहिती. ऑडिटला, म्हणजे कस्टमरची माणसं तपासणीला येतील तेव्हा, हा माणूस उभा राहू शकेल का, नाईटला लागेल का, त्याच्या कामातला कोणता भाग दुसऱ्याकडे द्यावा लागेल आणि किती दिवस, हे त्यांना कळायला हवं. आजाराचं नाव, गोळ्यांचं नाव आणि तो तुमच्यासमोर रडला ही गोष्ट, यातलं काहीही त्यांना प्लांट चालवायला लागत नाही. म्हणून उत्तर असं द्या: “साहेब, तब्येतीचं कारण आहे, डॉक्टरांचा सल्ला चालू आहे. पुढचे सहा आठवडे त्यांना नाईट नको आणि ऑडिटची मुख्य जबाबदारी नको. ऑडिटला दुसरं कोण उभं राहील ते आपण आज ठरवू. याहून जास्त मी सांगू शकत नाही. उद्या तुम्ही माझ्याकडे काही बोललात तर तेही मी कुणाला सांगणार नाही.” शेवटचं वाक्य मुद्दाम बोला. पुढच्या वेळी साहेब तुमच्यावर दबाव आणताना थांबतील, आणि स्वतः अडचणीत असले तर तुमच्याकडेच येतील. पण साहेबांकडे जाण्याआधी त्या मुलाला विचारा, “मी साहेबांना एवढंच सांगणार आहे, चालेल?” हा प्रश्न विसरू नका. एक अपवाद त्यालाही आधीच सांगून ठेवा: जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही.

साहेबांनी फारच ताणलं तर कायदा तुमच्या बाजूला आहे, तो मोजक्या शब्दांत सांगा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. प्रत्येक ताणतणाव त्यात बसतो असं नाही, पण गंभीर आजार बसतो आणि तिथे भेदभाव चालत नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मानसिक आजारामुळे आलेल्या दिव्यांगत्वाचा विचार न करता शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हादेखील अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. ज्या दलात हातात बंदूक असते तिथे हे लागू होतं, तर गेज आणि व्हर्निअर ही मापं घ्यायची साधनं घेऊन काम करणाऱ्या इंजिनिअरबद्दल बोलायलाच नको.

आणि तुमचा कागद सांभाळा. गोष्टी फुटतात त्या बहुतेक वेळा कागदातूनच फुटतात. रजेच्या नोंदीत ‘वैद्यकीय’ एवढंच लिहा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सर्वसाधारण फाईलला लावू नका, बंद पाकिटात, तुमच्या कुलपात. टाइम ऑफिसच्या मुलाला ते कपाट उघडता येत असेल तर कपाट बदला. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गेट वेल सून’ पडलं की संध्याकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये चार कहाण्या तयार होतात, म्हणून त्याच्या इनचार्जला आधीच सांगून ठेवा.

कागदाचं इतकं का सांगते, त्याला कारण आहे. 1998 साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात पर्सनल डिपार्टमेंटला नवी होते. प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर महिन्यात दहा-अकरा दिवस न सांगता गैरहजर राहायला लागला. नियमाप्रमाणे मी मेमो काढला. मग दुसरा, मग तिसरा. ‘आपण विनापरवानगी गैरहजर राहिलात, याबाबत आपणांवर कारवाई का करू नये.’ टाइप करताना मला त्या वाक्याचा थोडा अभिमानही वाटायचा. दुसऱ्या मेमोच्या पाठीमागे त्याने पेनाने लिहून दिलं होतं, ‘तबेत बरी नसते.’ एका शनिवारी त्याची बायको गेटवर आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला सरकारी रुग्णालयाचा केसपेपर होता. म्हणाली, “ते रात्र रात्र बसून असतात, भिंतीकडं बघत.” मी केसपेपरची झेरॉक्स काढून घेतली आणि तिला सांगितलं, मेमोचं लेखी उत्तर द्यायला सांगा. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. हिशेब पूर्ण करताना फाईल चाळली तेव्हा झेरॉक्सवरचा शिक्का मी पहिल्यांदा नीट वाचला: मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग. तो कागद मी स्वतःच्या हाताने फाईलला लावला होता.

तो पुढे कुठे गेला मला माहीत नाही. पण आजही गैरहजेरीचा मेमो सहीला आला की मी आधी फोन लावायला सांगते. मेमोआधी घरी एक फोन, शक्य असेल तर एक भेट. तुमच्याकडे हा नियम नसेल तर आजच करा. याला एक पैसाही लागत नाही.

त्या ऑपरेटरला राजीनामा द्यायची गरज नव्हती, हे मला नंतर कळलं. तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत होता. तुमच्याकडची लाईनवरची बरीच मुलं, आणि कंत्राटी तर जवळपास सगळीच, ईएसआयमध्ये असतील, कारण महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणारे त्यात येतात. दर महिन्याला त्यांच्या पगारातून पैसे कापले जातात आणि त्या बदल्यात काय मिळतं हे त्यांना कुणी सांगत नाही. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. काही दीर्घ आजारांत, अटी पूर्ण होत असतील तर, ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे आणि तीव्र नैराश्याचा एक प्रकारही आहे. शिवाय आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, हे संरक्षण 1948च्या ईएसआय कायद्यात होतं; आताच्या नियमांत ते कसं आहे ते विचारून घ्या. एचआरमध्ये बसून आपण मानसिक आरोग्याची पोस्टरं डिझाइन करतो आणि हा एक कागद कामगारापर्यंत पोहोचवत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. एका पानावर मराठीत आणि हिंदीत हे छापा, बिहार-ओडिशाची मुलं असतील तर हिंदी हवंच, आणि इंडक्शनच्या, म्हणजे कामावर रुजू होण्याच्या दिवशी हातात द्या.

तुमच्या इंजिनिअरचा पगार बहुधा त्या मर्यादेच्या वर असेल. मग ग्रुप मेडिक्लेमची पॉलिसी काढून बघा. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच निकषावर संरक्षण द्यायचं. पण बहुतेक ग्रुप पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशकाकडे आठवड्याला एकदा जायचं किंवा डॉक्टरांना दाखवून घरी यायचं, तर तो खर्च खिशातून जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर माणूस जाणं बंद करतो. उरलेले तीस हजार तिथे वापरा. बाहेरच्या एखाद्या समुपदेशकाशी किंवा संस्थेशी बोलून ठेवा की आमचा कुणीही आला तर पहिल्या पाच-सहा भेटींचं बिल कंपनीला, आणि बिलावर नाव नको, फक्त भेटींची संख्या. नाव आलं की कुणी जाणार नाही. समुपदेशक कंपनीच्या आवारात बसवू नका. त्या खोलीत कोण गेलं हे गेटपर्यंत कळतं.

योग आणि व्याख्यान वाईट असं मी म्हणणार नाही. सकाळी अर्धा तास शांत बसायला मिळालं तर कुणाला नको असतं? पण त्यावर थांबलात तर हाती काही लागणार नाही, आणि हे मी अंदाजाने बोलत नाही. ऑक्सफर्डच्या एका संशोधकाने 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानाचे वर्ग, ताण हाताळायचं प्रशिक्षण, मोबाइल ॲप, अशा गोष्टींत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्याला फरक आढळला नाही. थोडा उजवा ठरला तो फक्त समाजासाठी स्वयंसेवा करायची संधी देण्याचा उपक्रम. माणसाला श्वास घ्यायला शिकवायचं आणि त्याच्या कामात श्वास घ्यायला जागाच ठेवायची नाही, हे लोकांना कळतं. तुमची ए शिफ्टची पोरं आठ तास उभी राहून वर ताणाबद्दल ऐकायला थांबली होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही झोपले असते.

म्हणून ताई, माझं सांगणं एकच आहे: तुम्ही समुपदेशक व्हायचा प्रयत्न करू नका, ते काम ज्यांचं आहे त्यांचं आहे. मानसशास्त्र शिकला नाहीत याचा न्यूनगंड टाकून द्या. डॉक्टरकडे नसतात अशा गोष्टी तुमच्या हातात आहेत. शिफ्टचा तक्ता तुमच्याकडे आहे, रजा तुमच्याकडे आहे, रिकामी जागा भरायची फाईल तुमच्याकडे आहे, आणि इनचार्जला बाजूला घेऊन चार शब्द सांगायचा अधिकार तुमच्याकडे आहे. गोळी कितीही चांगली असली तरी सकाळच्या मीटिंगमध्ये रोज चाळीस माणसांसमोर कुणी पाणउतारा करत असेल तर ती किती पुरी पडणार?

त्या मुलाबद्दल तुम्ही सगळं लिहिलंत, पण त्याच्या कामाबद्दल एक ओळही लिहिली नाहीत. चार महिन्यांपूर्वी काय घडलं? क्वालिटीतून कुणी सोडून गेलं आणि ती जागा अजून भरलीच नाही, असं तर नाही? कस्टमरकडून रिजेक्शन आलं की दोष का आला आणि तो कसा दूर करणार हे सांगणारे थ्रीडी-एटडीचे रिपोर्ट एकट्यालाच बसून लिहावे लागतात का? रात्री अकराला कस्टमरच्या माणसाचा फोन येतो आणि उचलला नाही तर सकाळी जाब विचारतात का? ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने कामातला ताण शोधायला सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, आपल्या कामावर आपला ताबा किती, वरच्यांचा आधार, आपसांतले संबंध, माझं काम नेमकं कोणतं याची स्पष्टता, आणि बदल होताना सांगून-विचारून होतो का. त्याच्याशी बोलताना या सहा जागा मनात ठेवा. ताब्याचा मुद्दा क्वालिटीच्या माणसाला फार लागतो. पार्ट खराब आहे म्हणून लाईन थांबवायचा अधिकार कागदावर त्याला असतो. थांबवली तर प्रॉडक्शन ओरडतं, नाही थांबवली तर कस्टमर. मार मात्र दोन्हीकडून त्यालाच.

मग तुमचं मस्टर, म्हणजे हजेरीपट काढा. गेल्या सहा महिन्यांचा ओव्हरटाइम, रजा आणि राजीनामे डिपार्टमेंटप्रमाणे लावा. एका संध्याकाळचं काम आहे. एकाच इनचार्जच्या हाताखालची चार माणसं सोडून गेलेली दिसली, किंवा एकाच सेक्शनमध्ये साप्ताहिक सुट्टी सतत ‘पुढे ढकललेली’ दिसली, तर दुखणं तिथे आहे. हा तक्ता साहेबांसमोर ठेवा. मानसिक आरोग्य हा शब्द साहेबांना नवा असेल, राजीनाम्यांचा तक्ता नवा नसतो. सोबत एक आकडा द्या: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला 55 तास आणि त्याहून जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. तुमच्या मस्टरमध्ये 55च्या वर किती जण आहेत ते मोजा. त्यात बहुधा तुमचं स्वतःचं नावही निघेल.

2024 मध्ये पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेल्या 26 वर्षांच्या एका चार्टर्ड अकाउंटंट मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या बोजाबद्दल तिने लिहिलं होतंच. पण मुलीच्या अंत्यसंस्काराला ऑफिसमधलं कुणीही आलं नाही, हेही त्या आईने लिहिलं होतं. ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुढचं काही वाचू शकले नाही.

यानंतर येतात इनचार्ज आणि सुपरवायझर. साडेतीनशे माणसांवर तुम्ही एकट्या लक्ष ठेवू शकत नाही, ते रोज ठेवतात. नेहमी हसणारा ऑपरेटर जेवायला एकटा बसायला लागला, कधी न चुकणारा मशीनच्या सेटिंगला चुकायला लागला, सोमवारची दांडी वाढली, हे त्यांना आधी दिसतं. त्यांना काय म्हणायचं हे माहीत नसतं म्हणून ते एकतर थट्टा करतात किंवा ओरडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांतही मॅनेजरांना यासाठी शिकवा अशी शिफारस आहे. दोन तासांचं प्रशिक्षण पुरे, पण शिफ्टच्या वेळेत, लाईनवर बदली माणूस देऊन. तीनच गोष्टी शिकवायच्या: दिसलं की बाजूला घेऊन विचारायचं, ऐकताना सल्ला द्यायचा नाही, आणि पुढे कुठे पाठवायचं. आपली साधी माणसं हे कसं करणार असं साहेब म्हणतील, तर त्यांना गोव्याचं उदाहरण सांगा. तिथे ‘संगत’ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत मदत केली. रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं आणि तो अभ्यास ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुमच्या सुपरवायझरांकडून तर आपल्याला त्याच्या दशांशही नको आहे. त्यांनी उपचार करायचे नाहीत, फक्त वेळेवर बघायचं आणि तुमच्याकडे पाठवायचं.

कंत्राटी मुलांना बोलावलं नाही, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, म्हणजे ते तुम्हालाही खुपतंय. घरापासून हजार किलोमीटरवर, एका खोलीत सहा जण, आणि गेटपास उद्या चालेल की नाही माहीत नाही. तुमच्या आवारात सगळ्यात जास्त ताण त्यांच्यावर असणार. कंत्राटदाराच्या नावाखाली त्यांना वगळलंत तर पुढे काहीही करा, ते अर्धवटच राहील. समुपदेशकाच्या भेटी त्यांनाही, ईएसआयचा कागद त्यांनाही, सुपरवायझरचं लक्ष त्यांच्यावरही. नाईटला असणाऱ्यांशी बोलायला तुम्ही महिन्यातून एकदा तरी रात्री दहाला प्लांटमध्ये जा.

आता तो परत आलेला मुलगा. परतल्यानंतरचे पहिले सहा आठवडे नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच आपण ‘दहा दिवस साठलेलं काम’ त्याच्या टेबलावर ठेवतो. त्याच्यासोबत बसून एक साधा कागद करा: कोणतं काम चालू, कोणतं बंद, नाईट नाही, डॉक्टरांची तारीख असेल त्या दिवशी पगार न कापता अर्धी सुट्टी, आणि दर पंधरा दिवसांनी तुमची त्याची दहा मिनिटं. सहकाऱ्यांना काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. “बरं नव्हतं” एवढं त्याला पुरे वाटत असेल तर तेच उत्तर सगळ्यांनी द्यायचं. दोन आठवड्यांनी तो हसायला लागला म्हणून सवलती काढून घेऊ नका. गोळ्या स्वतःहून बंद करायची इच्छा बहुधा त्याच सुमाराला होते, म्हणून त्याला तेवढं एक सांगा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अप्रेझलमध्ये हा आजारपणाचा काळ धरू नका, आणि हे आत्ताच लेखी करून घ्या. मार्चमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि तुम्ही. रात्री ते वाक्य डोक्यात फिरतं असं लिहिलंत. एचआरमध्ये सगळे येऊन आपापलं मोकळं करून जातात आणि गोपनीयतेमुळे आपल्याला घरीही बोलता येत नाही. मी बरीच वर्षं घरी जाऊन चिडचिड करायचे, माझ्या मुलीने एकदा विचारलं, “आई, आज ऑफिसात कोण रडलं?” तेव्हा कळलं. वर 14416 नंबर दिलाय तो फक्त त्याच्यासाठी दिलेला नाही. नाव न घेता तुम्हीही तिथे बोलू शकता. समुपदेशकाच्या त्या सहा भेटींमध्ये तुमचाही वाटा धरा. साहेबांकडे माणूस मागा. साडेतीनशे माणसांना दोन जण पुरत नाहीत, हे तुमच्या मस्टरच्या तक्त्यातच त्यांना दिसेल.

त्याला भेटाल तेव्हा कॉन्फरन्स रूम घेऊ नका, बहुतेक ठिकाणी तिची भिंत काचेची असते आणि बाहेरून सगळं दिसतं. मी फर्स्ट एड रूम वापरायचे. तिला दार असतं, आत पाणी असतं, आणि डोकं दुखतंय म्हणून तिथे कुणीही जाऊ शकतं. ए शिफ्ट सुटायच्या तासभर आधी, लाईनला बदली माणूस लावून त्याला बोलवा. तुमचा फोन बाहेर ठेवा. काय झालं ते मला कळवा.